शिशाचं पेट्रोल

टानेनफेल्ड, १६ सप्टेंबर २०२३

एकार्ट,

वर 'प्रिय' लिहिणार होते, पण मी रागात आहे. रागात 'प्रिय' लिहिलं असतं तर तू तिकडे नाकातून हसला असतास. वीस वर्षांत ते हसणं बदललं असेल असं मला वाटत नाही.

काम आहे म्हणून लिहिते आहे. मंगळवारी ओपेल तपासणीला नेली आणि ती नापास झाली. ब्रेक ठीक, दिवे ठीक, तळाला गंजही फारसा नाही. नापास झाली धुरावर. ब्रांडिस म्हणून नवा तपासनीस आलाय, तिशीतला, हातमोजे घालून काम करणारा. नळी लावून त्याने आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, मग गाडी वर घेतली आणि खाली जाऊन उभा राहिला. मी काचेपलीकडच्या बाकावर कॉफी घेऊन बसले होते. त्याने मला बोटाने आत बोलावलं.

"हार्टूंगबाई, तुमच्या कागदांत लिहिलंय की या गाडीला १९८६ साली धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवला."

"बसवला ना. तो काय."

"डबा दिसतोय मला." त्याने पान्याने डब्यावर दोनदा ठोकलं. "ऐकलंत? बिस्किटं संपलेल्या डब्यासारखा वाजतोय."

मग त्याने आत एक बारीक कॅमेरा सरकवला आणि मला पडद्यावर दाखवलं. आत काही नव्हतं रे. चिनीमातीची ती वीट, मधाच्या पोळ्यासारखी हजार भोकांची, जी तू बसवण्याआधी उजेडाकडे धरून मला दाखवली होतीस, ती नव्हती. पत्र्यावर लोखंडाने घातलेले घाव होते.

"हे आपोआप होत नाही," तो म्हणाला. "कुणीतरी फोडून काढलंय. व्यवस्थित, सगळीकडून."

मी त्याला सांगितलं की ते अशक्य आहे. माझ्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने बसवला होता, असंही सांगितलं. बघ, अजून तोंडात 'नवऱ्याने'च येतं.

तुला आठवत नसेल म्हणून आठवण करून देते. त्या वर्षी मी एकोणतीस वर्षांची होते आणि आपल्या डोंगरावरची झाडं गाड्यांच्या-कारखान्यांच्या धुराने वरून पिवळी पडत खाली येत होती. मी शनिवारी बाजारात टेबल टाकून पत्रकं वाटायची, आणि बाजार उठला की तुझ्या धूर ओकणाऱ्या याच ओपेलमधून घरी यायची. लोक तोंडावर बोलायचे. तू लाकडाच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचास, म्हणायचास, "झाडं मेली तर आमच्या गिरणीचं भलंच आहे, रोझी, तू कशाला धंद्यावर पाय देतेस?" आणि मग माझ्या वाढदिवसाला तू मला अंगणात नेलंस, गाडीखाली जाऊन झोपायला लावलंस, माझ्या चांगल्या झग्यासकट, आणि माझ्यासमोर तो डबा बसवलास. नवाकोरा. मला आजवर कुणी काही दिलं असेल तर ते तेवढंच, असं मी मैत्रिणींना सांगत आले आहे. तू गेल्यानंतरही सांगत आले.

हिवाळ्यात माझ्या पायांखालचा पत्रा गरम व्हायचा. मी म्हणायची, बघ, डबा काम करतोय. तू रस्त्याकडे बघत राहायचास.

म्हणजे कधी, एकार्ट? पहिल्याच वर्षी? गाडी चढाला दमायची, म्हणून? मला अंगणात झोपवलंस तेव्हाच तुझ्या मनात होतं का, की दोन महिने हिची हौस होऊ दे, मग बघू?

आता कामाचं. बारा ऑक्टोबरपर्यंत मुदत आहे. ब्रांडिस म्हणतो, दोन वाटा आहेत. या वयाच्या गाडीला, ऐतिहासिक गाडीची नंबर-पाटी असताना, डब्याची सक्तीच नाही. सरळ पाइप टाकायचा, कागदांतली ती ओळ खोडून घ्यायची, झालं. नाहीतर कागदांत आहे तसा डबा बसवायचा, त्याच मंजुरी क्रमांकाचा, आणि तो चालला पाहिजे. त्यासाठी डब्यासोबत आलेला मंजुरीचा कागद लागतो. तो तुझ्या निळ्या फायलीत होता आणि फाइल तू हत्यारांबरोबर नेलीस.

कागद पाठव. आणि कधी फोडलास ते लिही. ओळ खोडायची की ठेवायची, ते मी त्यावरून ठरवणार आहे. जी गोष्ट मुळात खोटीच होती ती कागदावर तरी कशाला ठेवू?

रोसविथा


टानेनफेल्ड, २४ सप्टेंबर

एकार्ट,

आठ दिवस झाले, तुझं काही आलं नाही. समुद्रकाठच्या तुझ्या हुसुमला टपाल पोचतं, मी चौकशी केली आहे.

तू सांगत नाहीस तर दुसरं कुणी सांगेल, म्हणून काल ओटफ्रीडकडे गेले. त्याने गॅरेज बंद केलं हे तुला कळलंय का? हात थरथरतात त्याचे. कपबशी दोन्ही हातांनी धरतो आणि मग कुणी बघत नाही ना ते बघतो. इतकी वर्षं दर तपासणीच्या आदल्या दिवशी तो येऊन गाडी घेऊन जायचा आणि "जरा गाणं लावून आणतो हिचं" म्हणायचा. कार्ब्युरेटर असा लावायचा की आकडा कसाबसा बसेल. जुना तपासनीस आकडा बघून शिक्का मारायचा, खाली वाकायचा नाही. म्हणजे ओटफ्रीडला माहीत होतं. माझ्याच गाडीतलं, मला सोडून सगळ्यांना.

मी दारातच विचारलं. तो म्हणाला, "आधी आत तर ये. केक आहे, आलुबुखाराचा. बहिणीने केलाय, म्हणजे कडक आहे, पण आहे."

"ओटफ्रीड, डबा कधी फोडला त्याने?"

"मी गाड्या लावतो, रोझी. बोलत नाही."

"आता गाड्याही लावत नाहीस."

"हे बरोबर लागलं हां," तो म्हणाला, आणि हसला, आणि केकचा एक तुकडा माझ्यापुढे सरकवला. "नव्वद साली. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीला, गुरुवारी."

मी म्हटलं, त्या दिवशी तर तुम्ही सगळे पुरुष हातगाडीत बियरची पिंपं घालून जंगलात गेला होतात, दर वर्षी जायचात तसे.

"बाकीचे गेले. हा माझ्याकडे आला. म्हणाला, गॅरेज उघड. मी म्हटलं, अरे आज बापांचा दिवस, गाणी म्हणायची, पडायचं, आणि तू पाने कसले मागतोस? हा सरळ आत. गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली, डबा उतरवला, सळई घेतली आणि फोडत बसला. दुपारभर. वीट गच्च झाली होती, गाडी चढाला श्वास कोंडल्यासारखी करत होती."

"गच्च कशाने?"

ओटफ्रीड म्हणाला, धुराच्या पाइपचं तोंड बघूनच त्याला कळलं होतं. बिनशिशाच्या पेट्रोलवर पाइपचं तोंड काळं राहतं. शिशाच्या पेट्रोलवर ते करडं होतं, चुलीतल्या राखेसारखं. आपल्या गाडीचं करडं होतं. डब्याला शिसं म्हणजे विष. तीनचार टाक्यांत वीट मरते.

"मी त्याला विचारलं," ओटफ्रीड म्हणाला. "म्हटलं, एकार्ट, असलं पेट्रोल हिला कोण पाजतंय? तो म्हणाला, मीच."

मग ओटफ्रीडने मला केकचा दुसरा तुकडा वाढला. मी नको म्हटलं नाही.

तर मे १९९०. म्हणजे चार वर्षं डबा खरा होता. मला बरं वाटायला हवं. पहिल्या पत्रात मी जे लिहिलं ते तेवढ्यापुरतं मागे घेते. पेट्रोल म्हणशील तर तेव्हा पंपावर दोन्ही नळ्या शेजारी शेजारी असायच्या, आणि आपल्या गाडीच्या टाकीचं तोंड जुनं, रुंद, त्यात कुठलीही नळी जायची. पंपवाल्या आरेन्सबाईची चूक झाली असेल. तिला तेव्हाही नीट दिसायचं नाही.

कागद मात्र हवाच आहे. अठरा दिवस उरलेत.

रोसविथा


टानेनफेल्ड, ३० सप्टेंबर

एकार्ट,

तुझं कार्ड आलं. समुद्र आटलेला, चिखल, आणि लांबवर एक मेंढी. निवडून घेतलंस की हाताला लागलं ते टाकलंस?

"कागद शोधतो. बाकीचं मी तुला तेव्हा विचारलं नाही, आता तू मला विचारू नकोस." मी हे दोनच वाक्यांचं कार्ड टेबलावर उभं करून ठेवलं आणि त्याच्यासमोर जेवले. बटाटे आणि हेरिंग. आपल्या दोघांचं हे बऱ्याच दिवसांनी एकत्र जेवण झालं म्हणायचं.

आरेन्सबाईची चूक नव्हती. मेलेल्या बाईवर ढकलायला मला शरम वाटायला हवी होती. लिहिताना वाटलीही, पण मी पत्र बंद करून टपालात टाकलं.

तुला माहीत आहे. ते मला आता कळलं. तरी मी लिहिते, कारण मी ते कधी कुणापुढे बोललेले नाही, आणि सहासष्टाव्या वर्षी एखादं खरं वाक्य आपल्या हस्ताक्षरात कसं दिसतं ते बघावंसं वाटतं.

पूर्व जर्मनीची सीमा उघडली त्या हिवाळ्यानंतर जंगल वाचवणाऱ्या आमच्या मंडळाने पलीकडच्या वनखात्याबरोबर झाडं मोजायचं ठरवलं. आजारी किती, मेलेली किती, दोन्ही बाजूंची एकत्र. दर गुरुवारी बैठक, असं मी तुला सांगितलं. पहिल्या दोन गुरुवारी खरंच बैठक होती. नंतर बैठक नव्हती. फोल्कमार होता. सीमेपलीकडच्या शीर्क गावचा वनरक्षक, उंच, बोलताना टोपी काढून हातात धरणारा. तो मला सांगायचा की चाळीस वर्षं सीमेवरच्या कुंपणाआडच्या त्या पट्ट्यात कुणी पाऊल टाकलं नाही, म्हणून तिथे असे पक्षी आहेत जे तुमच्याकडे नाहीत. मला ते ऐकताना वाटायचं, माझ्यातही असा एक पट्टा आहे. आता हसू येतं. तेव्हा रडू यायचं.

सहा गुरुवार. त्यानेच संपवलं, मेच्या मध्यावर. मी संपवलं असं मी मनाशी पुष्कळ वर्षं म्हणत होते.

आणि पेट्रोल. जाऊन-येऊन डोंगराचा रस्ता, टाकी लवकर उतरायची. आरेन्सबाई पंपावर सगळ्यांसमोर ओरडायची, "काय गं रोसविथा, गाडी पितेय की तू?" तू शेजारी असलास तर? म्हणून मी पलीकडेच भरून यायला लागले. निघताना काटा जिथे असायचा, बरोबर तिथे परत आणायची. मला फार हुशारी वाटायची. तिथे तेव्हा फक्त शिशाचं मिळायचं.

मला माहीत होतं, एकार्ट. माझ्याइतकं त्या गावात कुणाला माहीत होतं? बाजारात वाटायचं पत्रक मीच लिहिलं होतं, त्यात जाड अक्षरांत होतं: एक टाकी शिसं, आणि तुमचा कन्व्हर्टर कायमचा आजारी. मी नळी हातात धरून उभी राहायची, ते वाक्य मला पाठ असायचं, आणि मी भरायची. वाटायचं, एकदोनदाने काय होतंय. मग वाटायचं, आता झालंच आहे. नंतर काही वाटेनासं झालं.

पाइपचं तोंड करडं होतं असं ओटफ्रीड म्हणाला. तू रोज सकाळी गाडीच्या मागून चालत गिरणीला जायचास. म्हणजे तुला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच दिसलं असणार. आपल्या बाजूला कुठे मी शिशाचं भरणार नाही, जीव गेला तरी नाही, हेही तुला ठाऊक होतं. मग उरलं काय?

तू मला विचारू शकला असतास. नवा डबा आणू शकला असतास, पण मग जुना का गेला ते आपल्या दोघांना टेबलावर बसून बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा तू सळई घेतलीस. आणि ओटफ्रीडला सांगितलंस, मीच.

त्यानंतर तेरा वर्षं मी त्या गाडीत तुझ्या शेजारी बसून पायाखालच्या उबेचं कौतुक केलं. कशी रे बसलास तू?

रोसविथा


टानेनफेल्ड, ५ ऑक्टोबर

एकार्ट,

कागद मिळाला. सोबत चिठ्ठी नाही. पाकीट दोनदा उलटं करून पाहिलं.

कागदाच्या मागे डबा बसवल्याची तारीख आहे, पेन्सिलने, तुझ्या हातची, आणि बोल्टचं माप. काढल्याची तारीख नाही. तू ती लिहिली नसतीस हे मला कळायला हवं होतं.

ब्रांडिसला फोन केला. तो बिचारा खूश झाला, म्हणाला, "कागद मिळाला हे छान, पण हार्टूंगबाई, खरं सांगू? खोडून टाका. दहा मिनिटांचं काम आहे. नवा डबा शोधा, बसवा, पुन्हा तपासणी, कुणासाठी? कायदा मागत नाही."

मी म्हटलं, मला ठेवायचाय.

"गाडी जेमतेम हजार किलोमीटर चालते तुमची वर्षाला!"

"माहीत आहे."

"आणि जंगल तर..." तो थांबला. चांगला मुलगा आहे. इथे सगळे त्या वाक्यापाशी थांबतात. तू आला नाहीस म्हणून सांगते, आपल्या डोंगरावर आता झाडं नाहीत. शिशाने नाही, धुराने नाही, तीन कोरडे उन्हाळे आणि साल पोखरणारा एक भुंगा, तांदळाएवढा. उभे करडे खांब उरलेत, तेही कापून नेताहेत. तुझी गिरणी रात्रंदिवस चालायची, आता तीही बंद झाली, कापायला काही राहिलं नाही म्हणून.

मग मी हे कशासाठी करते आहे? जंगलासाठी नाही. तू बघायला येणार नाहीस. तू मला एक वस्तू दिली होतीस, ती मी मोडली. मोडलेली वस्तू भरून द्यायची असते. याहून मोठं कारण मी शोधलं, सापडलं नाही.

तुझ्या कागदावरच्या क्रमांकाचा डबा ब्रेमेनजवळच्या एका म्हाताऱ्याकडे निघाला, सदतीस वर्षं खोक्यात, न उघडलेला. तो म्हणाला, "मला वाटलं होतं हा माझ्याबरोबरच पुरतील."

रोसविथा


टानेनफेल्ड, १२ ऑक्टोबर

प्रिय एकार्ट,

शनिवारी डबा बसवला. ओटफ्रीडचे हात चालत नाहीत आणि मला दुसऱ्या कुणाकडे जायचं नव्हतं. तेव्हा गाडी त्याच्या खड्ड्यावर घेतली, मी खाली उतरले आणि तो वर खुर्चीवर घोंगडी घेऊन बसला.

"डावीकडे फिरव. डावीकडे! अगं तुझ्या नाही, बोल्टच्या डावीकडे."

"बोल्टला डावी बाजू असते?"

"चाळीस वर्षं लग्न न केल्याचा मला आज पहिल्यांदा आनंद होतोय," तो म्हणाला.

गंजलेले चार बोल्ट. तीन निघाले, चौथा तुटला. माझ्या तोंडावर गंज पडला, पापण्यांत गेला. जुना डबा सुटून माझ्या हातात आला तेव्हा इतका हलका होता की मी मागे कलंडले. आत हात घातला. सगळीकडून सारखे घाव होते, रागाचे नव्हते. रागात माणूस एकाच जागी मारतो. तू कोपरे साफ केले होतेस, एखादा तुकडा सुटून खडखडू नये म्हणून. म्हणजे मला ऐकू येऊ नये म्हणून. मी त्या खड्ड्यात जरा वेळ बसून राहिले. वर ओटफ्रीडने खुर्ची सरकवून पाठ फिरवली.

मंगळवारी तपासणी झाली. ब्रांडिसने आकडा दोनदा पाहिला आणि म्हणाला, "ही तर माझ्या स्वतःच्या गाडीला लाजवेल." मग फॉर्म भरताना त्याने विचारलं, "जुना काढण्याचं कारण? इथे 'झीज' लिहितो, चालेल?"

मी म्हटलं, "चुकीचं पेट्रोल."

"बरं. चुकीचं पेट्रोल."

"मालकिणीने भरलेलं."

त्याने मान वर केली. "ते फॉर्ममध्ये विचारलेलं नाहीये, हार्टूंगबाई."

"जागा आहे ना पण?"

त्याने पाहिलं. जागा होती. त्याने लिहिलं, आणि 'मालकिणीने'नंतर थांबून माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी महिना आणि वर्षही सांगितलं. आता ते सरकारदरबारी आहे. तुझं 'मीच' तिथे कुठे नाही.

तुझ्याकडे यावं असं मनात आलं होतं. गाडी समुद्रापर्यंत नीट जाईल. नकाशाही काढला. मग वाटलं, तू तिकडे झाड नसलेल्या जागी जाऊन राहिलास ते काही उगाच नाही. माझं पत्र चार दिवसांत पोचतं, तेवढं अंतर आपल्याला पुरे आहे. तू उत्तर देणार नाहीस. दिलंस तर मेंढीचं कार्डही चालेल.

एकच लिहायचं राहिलं. त्या वसंतात मी गाडी काढायची तेव्हा तू अंगणात येऊन उभा राहायचास, शर्टाच्या बाह्या वर करून, काहीतरी पुसत असल्यासारखा. "कुठे?" एवढंच विचारायचास. मी काच खाली न करता "बैठकीला" म्हणायची. ओठांवरून तुला कळायचं.

आज गुरुवार आहे. दुपारी किल्ली घेतली, गाडी मागे घेतली, आणि अंगणात थांबले. तिथे आता शेजारणीच्या सायकली असतात, बाकी काही नाही. मी काच खाली केली. हाताने फिरवायची ती, अजून अडकते. आणि मोठ्याने सांगितलं, "पेट्रोल भरायला चाललेय. आपल्याच पंपावर. अर्ध्या तासात येते."

मग गेले, आणि अर्ध्या तासात आले.

तुझी
रोझी